चाकाजवळचा डाग

लंडन, ४ फेब्रुवारी १८७७

प्रिय आत्या,

तू पाठवलेला धुरी दिलेल्या हेरिंग माशांचा डबा पोचला. थोडे मी खाल्ले, थोडे आमच्या घरमालकीण मिसेस टिडमार्शबाईंनी, आणि उरलेले बिशपने. बिशप म्हणजे त्यांचा बोका. बाई म्हणतात त्याने चोरले नाहीत, त्याचा तो धर्मच आहे.

तू विचारलंस, पोरी, छापखान्यात दिवसभर करतेस तरी काय? चिकटवते, आत्या. फोटोचे छाप कापायचे, मागे खळ लावायची, पानावर सरळ बसवायचे आणि हातानं दाबायचे. आमच्या टेबलावर सगळ्या मुलीच आहेत. बोटांना खळीचा इतका वास येतो की रविवारी प्रार्थनेला बसलं तरी शेजारची बाई सरकून बसते.

सध्या एक नवं मासिक निघतंय. त्यात राजवाडे नाहीत की लॉर्डांच्या बायका नाहीत. रस्त्यावरची माणसं आहेत, फुलं विकणारी, गटारं साफ करणारी, चाकांच्या गाडीत संसार घेऊन हिंडणारी. मिस्टर पेनफोल्ड म्हणून आहेत, ते हातगाडीवर कॅमेरा आणि काळा तंबू घालून गल्लीबोळांतून फिरतात. डोकं काळ्या कापडात खुपसतात, ‘हलू नका!’ म्हणून ओरडतात आणि सावकाश आकडे मोजत बसतात. तोवर जो हलला त्याचा फोटोत धूर होतो. एका चित्रात कुत्रा आहे, त्याला शेपट्यांचा पिसाराच आलाय. चित्राखाली एक गृहस्थ मजकूर लिहितात. ते म्हणतात, या माणसांना एका जागी स्थिर राहणं ठाऊकच नाही.

सोबत एक छाप पाठवतेय. खराब निघालेल्या गठ्ठ्यातला आहे, म्हणून मुकादमानं घरी नेऊ दिला. पाकिटात मावेना, तेव्हा कडेची पट्टी कापून टाकली. बॅटर्सीला नदीपलीकडे एक मोकळं आवार आहे, तिथे थंडीपुरती ही गाडीवाली माणसं उतरतात. पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघ. त्याच्या अंगात आपल्याकडच्या कोळ्यांसारखी हातानं विणलेली, जाड लोकरीची निळी गॅन्सी आहे! कुठल्या गावची वीण आहे ते मला कुठलं कळायला? तू शिकवत होतीस तेव्हा मी टाके गाळत होते. पण ती लोकर बघितली आणि तुझं स्वयंपाकघर आठवलं. त्या दिवशी चिकटवलेली पानं सगळी वाकडी झाली.

तुझी,
मर्सी


रन्सविक, ११ फेब्रुवारी

मर्सी पोरी,

पुढच्या वेळी मासे दोन डबे पाठवते. एकावर बिशपचं नाव घालते, म्हणजे भांडण नको.

आता तुझ्या त्या चित्राबद्दल. पाद्रीबाबांचं भिंग मागून आणलं आणि खिडकीशी बसले. गॅन्सी आपल्याच गावची आहे. मधे दोराची वीण, दोन्ही बाजूंना शिडीची, गळ्याशी गारांची. ती रन्सविकबाहेर कुणी विणत नाही. एवढं बघितलं आणि हातातलं भिंग खाली ठेवावं लागलं मला.

तुला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. आपल्याकडे गॅन्सी कुणी कुणाला देत नाही. भाऊ भावाला देत नाही, बाप लेकाला देत नाही. अंगात घालायची ती अंगातच राहायची. समुद्रानं माणूस परत दिला तर त्या विणीवरून त्याचं घर कळतं. आमच्या ह्यांना, तुझ्या सायलसकाकांना, आणि थोरल्या रूबेनला मी विणीवरूनच ओळखलं. तोंडावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानंतर आमच्या धाकट्या एझरानं होडीत पाय ठेवायचं नाकारलं, आणि गावातल्या पोरांनी त्याला ‘कोरडा’ म्हणून चिडवून चिडवून हुसकून लावलं. तो गेला तो मी विणलेली गॅन्सी अंगात घालून. त्याला तीन वर्षं झाली, ना चिठ्ठी ना चपाटी. तेव्हा परक्या म्हाताऱ्याच्या अंगावर त्याची गॅन्सी दिसली, तर त्याचा अर्थ काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण ती माझी नाही गं! जीव भांड्यात पडला. तुला ठाऊक आहे, मी डावखुरी. माझ्या दोराला पीळ डावीकडे पडतो, बाकी सगळ्या गावाचा उजवीकडे. शेजारची पेशन्स म्हणते, थर्झाचा दोर आणि थर्झाची जीभ, दोन्ही उलट्या. या म्हाताऱ्याचा दोर उजवीकडे पिळलेला आहे. कुणाची का असेना, माझ्या पोराची नाही.

दुसरं असं, प्रार्थनाघराच्या भिंतीत समुद्रात गेलेल्यांची नावं कोरून दगड बसवणार आहेत. गवंडी ईस्टरनंतर येणार. पाद्रीबाबा हळूच म्हणाले, “थर्झाबाई, एझराचंही घालायचं का? इतके दिवस काही कळलं नाही...” मी म्हटलं, कळलं नाही म्हणूनच नाही घालायचं. दगडावर कोरलेलं नाव पुसता येत नाही.

आणि तुझ्या मुकादमाला म्हणावं, छाप हाताळताना अंगठा धुवून घे. गाडीच्या चाकाजवळ धुराचा एक डाग पडलाय, उभ्या माणसाएवढा. एवढं नीटनेटकं चित्र, त्याचा विचका झाला.

तुझी आत्या,
थर्झा


लंडन, २० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. बरं वाटलं.

इथे धुकं फार आहे. सकाळी छापखान्यात जाताना भिंतीला हात लावत जावं लागतं. बिशप धुक्यात दोन दिवस हरवला होता. मिसेस टिडमार्श दारात उभ्या राहून हाका मारत होत्या, “बिशप! बिशप!” आणि रस्त्यानं एक खरे धर्मगुरू चालले होते, ते थांबले. मग तिसऱ्या दिवशी बोका खाटिकाच्या दुकानात सापडला, लठ्ठ होऊन. काल वाटाण्याचा घट्ट रस्सा केला होता, तो करपला. नवीन बूट चावतायत. आमच्या टेबलावरची एक मुलगी लग्न ठरून गेली.

धुकं अजून आहेच.

सहज विचारते, एझराच्या गॅन्सीवर त्याच्या नावाची अक्षरं विणली होतीस का? काही विशेष नाही, मुलींमध्ये विषय निघाला होता.

तू जप. दगडाची घाई करू नकोस.

तुझी,
मर्सी


रन्सविक, १ मार्च

मर्सी,

तू पाळण्यात होतीस तेव्हापासून तुला ओळखते. लहानपणी मधाची बरणी फोडलीस तेव्हा अशीच येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “आत्या, बाहेर ऊन किती छान आहे.” धुक्यावर दोन वेळा लिहिणारी माणसं काहीतरी लपवत असतात.

तुझं पत्र वाचलं आणि मी पुन्हा चित्र काढून बसले. म्हटलं, पोरीला असं काय दिसलं जे मला दिसलं नाही? या वेळी पिळाकडे बघितलं नाही, खांद्याकडे बघितलं. उजव्या खांद्यावर बटणं! अगं, आमच्या गावात बटणं डाव्या खांद्यावर असतात. माझी आजी डाव्या खांद्यावर लावायची, तिची आजीसुद्धा. डावखुरी असले तरी मीसुद्धा डाव्याच. मग सगळं गावचं, आणि बटणं तेवढी भलत्या खांद्यावर, हे कसं?

सायलसचा दाढीचा आरसा अजून खिळ्यावर टांगलेला आहे. का कोण जाणे, मी चित्र त्याच्यासमोर धरलं.

बटणं डाव्या खांद्यावर आली. आणि दोराचा पीळ डावीकडे गेला. माझा दोर, मर्सी. दंडाजवळ शिडीची एक पायरी रुंद आहे, ती विणत होते तेव्हा रूबेनची होडी दिसली म्हणून मी धावत धक्क्यावर गेले होते आणि परत येऊन मोजणी चुकले. तीसुद्धा तिथंच आहे.

तुला माहीत होतं ना? चित्र उलटं आहे हे तुला ठाऊक होतं, आणि माझं पत्र वाचल्यावर पिळाचं तुझ्या ध्यानात आलं. मी रागावले नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही धुक्यावरच लिहिलं असतं. मी त्या रात्री खूप रडले आणि मग दुसऱ्या दिवशी पाव भाजले, कारण पीठ मळलेलं होतं.

आता माझं एक काम कर. त्या म्हाताऱ्याला शोध आणि विचार, ही गॅन्सी तुला कुठे मिळाली, कुणाच्या अंगावरून काढलीस. त्याला चोर म्हणू नकोस, थंडीत कुणीही काढून घेईल. मला फक्त एवढंच हवंय, माझं पोर कुठल्या मातीत आहे. ते कळलं की दगडावर नाव घालायला माझी हरकत नाही.

आत्या


लंडन, १० मार्च

प्रिय आत्या,

माझ्या लाडक्या आत्या, चुकलं माझं. तो सगळा गठ्ठाच उलटा छापला गेला होता. नव्या माणसानं छापताना फोटोची काच पालथी ठेवली आणि डावं ते उजवं झालं. गाडीमागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा उलटी आली, तेव्हा मुकादमाच्या लक्षात आलं. पाकिटात मावण्यासाठी मी पट्टी कापली, तिच्याबरोबर नेमकी तीच पाटी गेली. तुझ्या पत्रात ‘उजवीकडचा पीळ’ वाचला आणि सगळं ध्यानात आलं. म्हटलं, आत्याचा जीव भांड्यात पडलाय, तो मी कशाला उचलू?

मी बॅटर्सीला जाऊन आले. आवार रिकामं आहे. नुसत्या चुलींच्या काळ्या खुणा आणि वेताच्या काड्या पडलेल्या. कोपऱ्यावरची बटाटे भाजणारी बाई म्हणाली, “ऊन पडलं की ती जातातच गं. त्यांना काय, चाकं आहेत. ईस्टरला बघ, वॉन्स्टेडच्या माळावर जत्रा भरते, तिथे असतील.” म्हाताऱ्याचं नाव अ‍ॅम्ब्रोज. खुर्च्यांच्या बैठका वेतानं विणून देतो.

नंतर मिस्टर पेनफोल्ड छापखान्यात आले होते. मी धीर करून विचारलं, त्या म्हाताऱ्याबरोबर आणखी कोण होतं? ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांना माणसांपेक्षा उजेड जास्त लक्षात राहतो. म्हणाले, “म्हातारा उत्तम बसला, पुतळ्यासारखा. चाकाजवळ एक जण उभा होता, त्यानं माझा कोपरा घालवला. किती सांगितलं, हलू नकोस म्हणून! ही माणसं स्थिर राहतच नाहीत.” म्हणजे तुझा तो डाग मुकादमाच्या अंगठ्याचा नव्हे, कुणीतरी हललेला माणूस आहे. तो सापडला तर त्यालाही विचारीन.

ईस्टरच्या सोमवारी आम्हाला सुट्टी आहे. मी जातेच. तोवर गवंड्याला थोपव.

तुझी मर्सी


रन्सविक, २९ मार्च

मर्सी पोरी,

गवंडी लवकर आला. आत्ता, मी लिहितेय तेव्हा, त्याची छिन्नी ऐकू येतेय. सायलसचं नाव कोरून झालं, रूबेनचं चाललंय. हात छान आहे त्याचा. त्याला चहा देऊन आले. तो म्हणाला, “बाई, तिसऱ्याची जागा आखून ठेवलीय, सांगाल तेव्हा कोरतो. पण पुढच्या आठवड्यात मला स्कार्बरोला जायचंय.”

पेशन्स काळं कापड घेऊन आली होती, सुतकाच्या रिबिनीसाठी. मी घेतलं. टाकाऊ नव्हतं म्हणून घेतलं, वापरलं नाही.

तुला एक सांगू? मला राग एवढ्याचाच येतो की तो मेला असेल तर थंडीनं मेला असेल. गॅन्सी काढून घेतल्यावर माणूस किती टिकणार? मी ती इतकी घट्ट विणली होती की पाणी आत शिरत नसे. आणि समुद्राऐवजी तो रस्त्यावर गेला.

जा आणि विचार. जे असेल ते सरळ लिही. धुकं नको.

आत्या


लंडन, ३ एप्रिल

प्रिय आत्या,

बस. आधी खुर्चीवर बस आणि मगच पुढचं वाच.

एझरा जिवंत आहे.

आता पाणी पी. आता सगळं सांगते.

काल मिसेस टिडमार्शबाई आणि मी वॉन्स्टेडला गेलो. बाई म्हणाल्या, एकट्या मुलीनं जत्रेत जाऊ नये. तिथे पोचल्यावर पहिल्याच झोपाळ्यात चढून बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी गाड्यांच्या रांगेत शिरले. अ‍ॅम्ब्रोज म्हाताऱ्याचं तोंड मी इतक्या वेळा चिकटवलंय की माझ्या बापाचं ओळखायला वेळ लागेल, त्याचं लागणार नाही. तो गाडीच्या पायरीवर तसाच बसला होता, पण अंगात फाटकी बंडी. गॅन्सी नव्हती.

मी म्हटलं, “आजोबा, फोटोत तुम्ही निळी गॅन्सी घातली होती, ती कुठे आहे?”

तो म्हणाला, “वा! फोटो बघून आलीस होय? सगळ्याच येतात. कसा दिसतो मी?”

“छान दिसता. गॅन्सी कुणाची होती?”

“माझी नव्हती, एवढं मात्र खरं.”

मला रडूच आलं. मी म्हटलं, “आजोबा, मी पोलिसांत जाणार नाही. एवढंच सांगा, तो मेला कसा?”

“कोण मेला?”

“ज्याची गॅन्सी होती तो.”

“मेला?” म्हातारा उठूनच उभा राहिला. “अगं, आत्ता माझ्या ताटातला बटाटा उचलून पळाला तो! मेला कसला? ट्रायफीने! तुझा नवरा मेलाय म्हणे, बघ बरं कुठे पडलाय!”

गाडीतून एक मुलगी बाहेर आली. काळे डोळे, कानात मोठ्या बाळ्या, हातात उलथणं. ती म्हणाली, “मेलाय की भांडी घासायची टाळतोय?” आणि तिच्यामागून, खांद्यावर खुर्ची घेऊन, तोंडात बटाटा, दाढी वाढलेली, अंगात तुझी गॅन्सी, आपला एझरा आला.

त्यानं मला बघितलं. बटाटा गिळता येईना. मग म्हणाला, “टाकेगाळू?”

आत्या, मी त्याला एक चापट मारली. तुझ्या नावानं मारली, आणि मग त्याच्या गळ्यात पडून तुझ्या दोरावर मनसोक्त रडले. पीळ डावीकडेच आहे. हात लावून बघितला.

आता ऐक. जानेवारीत पेनफोल्डसाहेब आवारात आले आणि म्हणाले, म्हातारबुवा, तुम्ही पायरीवर बसा. अ‍ॅम्ब्रोज आजोबांची बंडी दोन्ही कोपरांवर फाटलेली. ते म्हणाले, “हे चित्र लोक उद्या बघतील, परवा बघतील, मी मेल्यावरही बघतील, आणि जन्मभर माझी फाटकी कोपरं दाखवायची? मी नाही बसत.” त्यांच्यात अशी रीत आहे, फोटो काढायचा तर गाडीतल्या सगळ्यांत चांगलं जे असेल ते घालायचं, मग ते कुणाचं का असेना. टोपी या घरची, रुमाल त्या घरचा. आणि एझरा तेव्हा म्हाताऱ्याच्या लेकीला, ट्रायफीनाला, मागणी घालून बसलेला, म्हातारा हो म्हणत नव्हता. त्यानं एझराच्या गॅन्सीकडे बोट दाखवलं. एझरा म्हणतो, “काय करू? प्रेमवेड्या माणसाला थंडी वाजत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.”

काढून दिली त्यानं. आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर, नदीवरच्या त्या वाऱ्यात, चाकाला धरून उभा राहिला.

“साहेब ओरडत होता, हलू नको, हलू नको,” एझरा म्हणाला. “मी हलत नव्हतो गं. पाय रोवून उभा होतो. पण कुडकुडणं माझ्या हातात होतं का?”

आत्या, तो डाग एझरा आहे.

मी त्याला विचारलं, गाढवा, तीन वर्षं आईला कळवलं का नाहीस? तो खुर्चीचा वेत ओढत बसला. मग म्हणाला, कोळशाच्या जहाजावरच्या एका खलाशाजवळ निरोप दिला होता, की मी बरा आहे. तो पोचलाच असेल असं धरून चाललो. पुढे काय कळवायचं? समुद्राला भिऊन पळालेला पोरगा खुर्च्या विणतोय म्हणून? बाप आणि भाऊ ज्या गावात पुरलेत तिथे मी कुठल्या तोंडानं पत्र टाकू? त्यावर ट्रायफीना म्हणाली, “याच तोंडानं. खायला चालतं, तर बोलायलाही चालेल.” मला ती फार आवडली. तुलाही आवडेल, तुम्हा दोघींची जीभ एकाच दुकानातली आहे.

तो म्हणतो, आई बोलावत असेल तर उन्हाळ्यात गाडी घेऊन उत्तरेकडे येऊ. आईला विचार, येऊ का. हे सांगताना त्याचं तोंड रूबेनच्या पाठी लपायचा तेव्हासारखं झालं होतं.

छिन्नी थांबव. आजच धाव.

तुझी मर्सी

ता. क. मिसेस टिडमार्श झोपाळ्यात चक्कर येऊन पडल्या. आता बऱ्या आहेत. पुन्हा जायचं म्हणतात. मासिकात छापलाय तसा सुलटा, चांगला छाप पेनफोल्डसाहेबांकडून मागून पाठवू का?


रन्सविक, ७ एप्रिल

माझ्या सोन्या,

तुझं पत्र पोस्टमननं दारात दिलं. मी बसले नाही. उभ्यानंच वाचलं, आणि मग दारातच खाली बसले.

उठले ती तशीच प्रार्थनाघराकडे पळाले, डोक्यावर टोपी नाही, पिठाचे हात. गवंडी पेटी आवरत होता. मी ओरडले, “तिसरं नाव नाही!” तो म्हणाला, “बाई, मी कुठे कोरलंय? तुम्ही सांगितल्याशिवाय मी छिन्नी लावत नाही.” मी त्याचा मुका घेतला. पाद्रीबाबा बघत होते. बघू देत. ते विचारत होते, आखलेली जागा रिकामी दिसते, तिथे एखादं वचन घालू का? मी म्हटलं, काही घालू नका. ती जागा रिकामी आहे, यासारखं दुसरं वचन नाही.

पेशन्सचं काळं कापड परत केलं. गावातल्या ज्या पोरांनी एझराला ‘कोरडा’ म्हटलं, त्यांच्या आयांना मी दारोदार जाऊन सांगून आले, की माझा कोरडा लेक सुखरूप आहे, संसारी आहे, आणि विणतो. विणतो म्हटल्यावर पेशन्स हसली. हसो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आमच्या घराण्याचा तर मुळीच नाही. तीन वर्षं तोंड लपवून बसला, अगदी बापावर गेलाय. येऊ का म्हणून विचारतो! त्याला म्हणावं, तू चापट एक मारलीस, बाकीच्या मी राखून ठेवल्यात, त्या घ्यायला ये. होडीनं यायची जरुरी नाही. चाकानं ये. टेकडीवरचा रस्ता नीट आहे, आणि खाली उतरता येईना तर गाडी वर उभी करा, मी वर येईन.

ट्रायफीनाला सांग, तिच्या मापाची दोरी पाठवायची. आणि म्हाताऱ्यासाठी विणायला घेतलीच आहे. पोट किती सुटलंय ते चित्रावरून कळतं. दोर डावीकडे, बटणं डाव्या खांद्यावर, आमच्या घरची म्हणून. पुन्हा कुणी कॅमेरा घेऊन आलं, तर ज्याची त्यानं घालावी. आमच्याकडे गॅन्सी कुणी कुणाला देत नाही, पण माझ्या पोरानं दिली, ते चांगलंच केलं. नाहीतर तो मला कधी सापडला असता?

तुझ्या त्या मजकूरवाल्या गृहस्थांना कधी भेटलीस तर म्हणावं, ही माणसं का हलतात, ते आधी त्यांच्या सदऱ्याला हात लावून बघत जा.

आणि हो, सुलटा छाप पाठवू नकोस. मला हाच हवा. मी तो चुलीवरच्या फळीवर आरशासमोर उभा केलाय, म्हणजे आरशात सगळं जागच्या जागी येतं. रोज कोणी ना कोणी बघायला येतं. सगळे म्हाताऱ्याकडे बघतात, गॅन्सीकडे बघतात, थर्झा, तुझा दोर किती स्पष्ट आलाय म्हणतात. मी मात्र चाकाजवळच्या डागाकडे बघत बसते. काल पेशन्स म्हणाली, “अगं, त्यात एवढं बघायला काय आहे? नुसता धूर आहे.”

मी म्हटलं, धूर नाही. माझ्या पोराला थंडी वाजतेय तिथे. मेलेला माणूस कधी कुडकुडत नाही.

तुझी आत्या,
थर्झा